स्टार्टरचा वरचा बोल्ट

मिस्त्रींचा जगात एकाच माणसावर खरा राग होता, आणि त्या माणसाला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. गाडीच्या स्टार्टरचा वरचा बोल्ट कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी बसवणारा दीडशहाणा कोण, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. एकतीस वर्षं एकाच कंपनीच्या गाड्यांचं गॅरेज चालवलं, मॉडेलं आली नि गेली, पण तो बोल्ट जागचा हलला नाही. इंजिनाच्या मागे हात घालायचा, न बघता चाचपायचं, कसाबसा पाना अडकवायचा. पाना सटकला की बोटांची सालं निघालीच म्हणून समजा. मग घरी जेवायला बसलं की दीडशहाण्याचा उद्धार सुरू. बायकोला तर तो आताशा नात्यातलाच वाटायला लागला होता. मलम लावता लावता ती विचारायची, "आज पुन्हा आला होता का तुमचा तो?"

गॅरेज धाकट्या भावाच्या हवाली केलं, तेव्हा हातपाय धड आहेत तोवर समुद्र बघून येऊ असं तिने ठरवलं. मिस्त्रींनी नकाशा पाहिला आणि चटकन हो म्हटलं. इतकं चटकन, की तिला संशयच आला. त्या कंपनीचा कारखाना "वाटेतच" होता. वाट म्हणजे चौऱ्याऐंशी किलोमीटर वाकडी.

"समुद्र काय पळून जातोय?" मिस्त्री म्हणाले.

"आणि कारखाना पळून जातोय होय?"

पण स्टेअरिंग मिस्त्रींच्या हातात होतं. वाटभर त्यांनी मनातल्या मनात भाषणाची तालीम केली. बायकांसमोर बोलायची वेळ आली तर असावं म्हणून शिव्या गाळून पाहिल्या, तर फारसं काही उरेना.

कारखान्यात पाहुण्यांना मोठाले चष्मे दिले आणि पिवळ्या पट्ट्याच्या आत पाऊल टाकायचं नाही अशी तंबी दिली. माहिती सांगणारा तरुण उत्साहाने पत्रा, रंग, यंत्रमानव असं सगळं दाखवत होता. मिस्त्रींचं लक्ष कुठलं असायला! दर पाच मिनिटांनी ते विचारत, "स्टार्टर कुठे बसवतात?"

"काका, आजवर सगळ्यांनी रंगकाम बघायचं म्हटलं," तो पोरगा शेवटी म्हणाला. "स्टार्टरसाठी आलेले तुम्ही पहिलेच."

आणि ती जागा आली. कमरेएवढ्या उंच लोखंडी घोड्यांवर नुसती इंजिनं सरकत होती. गाडीचा पत्ताच नव्हता. निळ्या गणवेशातल्या चाळिशीच्या एका बाईने स्टार्टर टेकवला, वरचा बोल्ट दोन बोटांनी फिरवला, मशीन लावलं, घर्रर्र, झालं. मिस्त्रींचे चार आकडे मोजून व्हायच्या आत झालं. चहूकडून मोकळी जागा! इंजिन गाडीत जायचं ते नंतर, पुढच्या टप्प्यावर. शेकडो इंजिनं उतरवलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? ठाऊक होतंच. पण एवढा राग बाळगून बसलं की साधी गोष्टही डोक्यात शिरत नाही, ती अशी.

तेवढ्यात भोंगा वाजला. चहाची सुट्टी झाली आणि इंजिनं थांबली. बायकोने कोपराने ढोसलं.

"बोला की आता. सापडला ना तुमचा तो?"

मिस्त्रींनी घसा खाकरला. "ताई, हा बोल्ट तुम्हीच लावता?"

"अठरा वर्षं झाली. का हो काका?"

"कधी काढलाय?"

"काढायचा?" तिला हसूच आलं. "तो कशाला काढायचा? बसला की बसला."

मिस्त्रींनी उजवा हात पुढे केला. बोटांच्या पेरांवर जुन्या जखमांचे पांढरे वण होते. "गाडीत इंजिन गेलं की हा मागे दडतो. मग आमची पाळी येते."

बाई चष्मा कपाळावर सारून पिवळ्या पट्ट्यापर्यंत आली. हात नीट न्याहाळला. "अगं बाई! म्हणजे माझ्यानंतर ह्याला हात लागतो तो तुमचाच की." मग म्हणाली, "इथून गाडी गेली की गेली, काका. पुढे आपलं काम टिकतं की सुटतं, कुणी सांगायला येत नाही. खरं सांगा हं. कधी ढिला सापडला?"

मिस्त्रींनी भाषण आठवून पाहिलं. एक शब्द हाताला लागला नाही. बायको टक लावून बघत होती. पण ढिल्याला घट्ट आणि घट्टाला ढिलं त्यांनी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं, गिऱ्हाइकापुढेसुद्धा नाही.

"एकदाही नाही," ते म्हणाले. "स्टार्टर जळलेले पाहिले, गंजलेले पाहिले. बोल्ट मात्र एकही ढिला नाही. म्हणून तर आमची सालं निघतात."

बाईने गर्रकन वळून चहा पीत बसलेल्यांना हाक मारली. "अरे, ऐकलंत का? इतक्या वर्षांत एकसुद्धा नाही म्हणतायत!"

भोंगा पुन्हा वाजला. ती धावत जागेवर गेली. पुढचं इंजिन समोर आलं, तिने बोल्ट दोन बोटांनी फिरवला, मशीन उचललं आणि एकदा मिस्त्रींकडे पाहिलं.

"दाबा, ताई," मिस्त्री पट्ट्याच्या अलीकडून ओरडले. "चांगला घट्ट दाबा!"