तळ्याकाठचा थांबा

बारा मैलांच्या फेरीला आम्ही तरुण मंडळी ‘दूध आणायला जाणं’ म्हणत असू. आमच्या घोडेस्वारांत तीन जातीच होत्या म्हणा ना. पंचवीस मैलवाले बारा मैलवाल्यांना पाहून नाक मुरडत आणि पन्नास मैलवाले कुणाकडे पाहतच नसत. माझे वडील, म्हणजे अण्णा, बारा मैलवाले. संस्थानच्या घोडदळात उमेदीची वर्षं काढलेला माणूस दर रविवारी पेन्शनीतल्या म्हाताऱ्यांबरोबर बारा मैल फिरून नाश्त्याला घरी येतो, याची मला मनापासून लाज वाटायची. मी बावीस वर्षांचा होतो, कचेरीत कारकुनी करत होतो, आणि निदान घोड्यावर तरी मला कुणीतरी व्हायचं होतं.

मी टोमणा मारला की अण्णा म्हणायचे, “मैल तू मोजतोस. तिला काय त्याचं?” ती म्हणजे आमची कुमैत, तांबूस-काळी घोडी. पथक मोडलं तेव्हा अण्णा तिला शिंगरू असताना घेऊन आले होते. आमच्या लहानपणी त्यांनी आम्हाला कधी कडेवर घेतल्याचं आठवत नाही, पण तिचे खूर ते स्वतः साफ करत.

वर्षातून एकदा पन्नास मैलांची दौड असे. यशवंतपूरच्या पलीकडून पहाटे निघायचं, पंचवीस मैलांवर तळ्याकाठी थांबायचं आणि परत फिरायचं. त्या थांब्यावर घोडे तपासायचं काम अण्णांकडे. घोड्याच्या डाव्या कोपरामागे तळवा ठेवून ते ठोके बघत, मानेला चिमटा काढून कातडी किती लवकर खाली बसते यावरून अंगात पाणी किती उरलंय ते बघत, आणि शेवटी विचारत, पाणी प्यालं का. जरा शंका आली की खोगीर उतरवायला लावत. भल्याभल्या अधिकाऱ्यांना त्यांनी तिथून पायी परत पाठवलं होतं.

त्या साली मी घोडी मागितली. अण्णा दोन दिवस तिचे पाय चाचपून बघत राहिले. मग त्यांच्या नेहमीच्या कानडी सवयीनं म्हणाले, “सरी, बरं. ने तिला. पण पाणी पिईना झाली, तर पुढं जायचं नाही.”

मार्च होता आणि सकाळपासूनच हवा कोंडली होती. पुढच्यांना गाठायच्या नादात मी वाटेतले दोन पाणवठे सोडले. तळ्याशी आल्यावर घोडीनं तोंड खाली नेलं, पाणी हुंगलं आणि मान वर घेतली. पुन्हा नेली, पुन्हा तेच. माझ्या मनात पाल चुकचुकली. अण्णा पलीकडे दुसऱ्या घोड्याच्या पायाशी वाकले होते, त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी लगाम ओढून तिचं तोंड नाकपुड्यांपर्यंत पाण्यात दाबलं, आणि ते निथळत असतानाच तिला त्यांच्यासमोर नेऊन उभं केलं.

“प्याली?”

“पोटभर.”

त्यांचा हात तिच्या मानेकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी माझा खांदा थोपटला. “सरी, जा,” म्हणाले. मला तेव्हा फक्त सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या सहा-सात मैलांत तिचा घाम वाळला. ऊन चढत होतं आणि तिच्या मानेवर नुसतं मीठ उरलं होतं. हात लावला तर कातडं कोरडं, तापलेलं. तिथंच उतरायला हवं होतं. पण पुढं दोन स्वार दिसत होते, म्हणून मी टाच मारली. नीलगिरीच्या झाडांपाशी ती आपणहून थांबली, मागं वळून तिनं स्वतःच्या कुशीकडे पाहिलं आणि गुडघे मोडून खाली बसली.

मागून जीपमधून अण्णा आले तेव्हा ती आडवी झाली होती. त्यांनी मानेला चिमटा काढला. कातडीची घडी तशीच उभी राहिली. दुपार व्हायच्या आत ती गेली.

ते मला मारतील असं वाटलं होतं. मारलं असतं तर मी खरं सांगून टाकलं असतं. पण ते स्वतःच्या तळव्याकडे पाहत म्हणाले, “माझंच चुकलं. मी हात लावून बघायला पाहिजे होतं.”

त्यानंतर ते घोड्यावर बसले नाहीत, बारा मैलसुद्धा नाही. दर मार्चच्या आधी मंडळी आमच्या राजाजीनगरच्या घरी येत आणि थांब्यावर चला म्हणून विनवत. अण्णा म्हणत, “माझ्या हातावर आता भरवसा ठेवू नका.” मी तिथंच असायचो. सगळ्यांना कॉफी द्यायचो आणि रिकामे पेले उचलून आत न्यायचो.