कॉलरमधली सुई

विठोजीरावांचे पूर्वज शहाजीराजांच्या लष्कराबरोबर तंबू शिवायला बंगळूरला आले आणि इथलेच झाले, असं त्यांच्या घरात सांगतात. खरंखोटं देव जाणे. पण सुईचा नेम त्या घरात आजही पाळतात. सुई कुणाच्या हातात द्यायची नाही, भांडण होतं. कापडात टोचून ठेवायची, ज्याला हवी त्यानं उचलायची. विठोजीराव आणि थोरले भाऊ आप्पाजी यांचं दुकानावरून फाटलं, ते लहानपणी एकदा सुई हातोहात दिली म्हणूनच, असं त्यांची आई शेवटपर्यंत म्हणायची. दोघांनाही एकच गल्ला हवा होता, ही बाब तिच्या लेखी किरकोळ होती.

पुढे रेडिमेडची लाट आली आणि चिकपेठेतल्या दुकानात पँटी आखूड करणं तेवढं उरलं. सत्तरी गाठलेले विठोजीराव दिवसभर माशा मारत बसायचे. अशात एक दिवस रघुनंदन नावाचे गृहस्थ दारात उभे राहिले. विमानांचे इंजिनिअर, घरी मराठी बोलणारे. त्यांनी आणि चार हौशी मित्रांनी जक्कूरच्या शेडमध्ये एक जुनं पंख्याचं विमान पुन्हा उभं केलं होतं. असल्या विमानाच्या पंखांवर पत्रा नसतो, कापड असतं, आणि ते हातानं शिवावं लागतं.

"अण्णा, विमानाला अंगरखा शिवाल का?" त्यांनी विचारलं.

विठोजीरावांना वाटलं, माणूस थट्टा करतोय. पण मग ते त्या कामात असे बुडाले की जेवायची शुद्ध राहिली नाही. पोटाला काम मिळालं यापेक्षा हाताला काम मिळालं, याचंच त्यांना अप्रूप.

तेच विमान आज येलहंक्याच्या एअर शोमध्ये उभं होतं. पिवळंधमक, एकावर एक दोन पंख, पुढे लाकडी पंखा पॉलिश केलेला. डोक्यावरून लढाऊ विमानं कानठळ्या बसवत जात होती, तरी गर्दी या म्हाताऱ्या विमानाभोवतीच. कुणी फोटो काढत होतं, कुणी "एष्टु चेन्नागिदे", किती छान आहे, म्हणत मान डोलवत होतं. थोड्या वेळात ते उडणार होतं, आणि उडवणार होती रघुनंदनांची मुलगी श्रीविद्या.

"तो खालचा पंख बघ. त्याच्या टोकाची कड माझी," विठोजीराव बायकोला म्हणाले.

"तिसऱ्यांदा सांगताय," अंबुबाई म्हणाल्या. पण त्याही बघत होत्या, आणि त्यांचेही डोळे भरले होते. पुढे व्हायला गेल्या आणि त्यांचा पदर लोखंडी कठड्यात अडकून टर्रकन फाटला. "अय्यो! कॉलरमधली सुई द्या की. स्वल्प टाका घालते."

विठोजीरावांनी कॉलरखाली बोट घातलं. हा काळा कोट ते कार्यालाच घालतात. कामाच्या शेवटच्या दिवशी शेडमध्ये पूजा होती तेव्हा घातला होता, त्यानंतर आजच. कॉलरखाली त्यांची वाकडी सुई कायम असते. आज तिथं काही नव्हतं.

त्यांनी दुसरी बाजू चाचपली. खिसे चाचपले. आणि मग तो दिवस डोळ्यांसमोर आला.

पंखाच्या टोकाला शेवटचं वीतभर तोंड शिवायचं राहिलं होतं. "बघू अण्णा, ही सुई वाकडी कशी?" म्हणत रघुनंदनांनी हात पुढे केला. एवढ्या भल्या माणसाशी भांडण नको म्हणून विठोजीरावांनी ती हातात न देता त्या उघड्या तोंडाच्या कडेला टोचली. तेवढ्यात रघुनंदनांना फोन आला, ते बाहेर गेले. पूजेला हाक आली, विठोजीरावही उठले. परत आल्यावर कडेला सुई दिसली नाही, म्हणून डब्यातली दुसरी घेऊन त्यांनी तोंड शिवून टाकलं. पहिली सुई रघुनंदनांनी उचलून नंतर आपल्या कॉलरला परत टोचली असेल, असं ते धरून चालले. शेडमध्ये संध्याकाळी हत्यारं मोजून फळ्यावर टांगायची शिस्त होती. पण ही सुई घरची. ती फळ्यावर नव्हतीच.

"अंबू," ते म्हणाले, "सुई त्या पंखात आहे."

अंबुबाईंना क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला. "नक्की?"

"नक्की कसं सांगू? आतून तारा जातात. टोकाची झडप त्याच तारांनी हलते. सुई तिथं अडकली तर विमान वळायचं नाही."

"अहो, जक्कूरहून इथवर उडतच आलं की. तेव्हा काय झालं?"

हेच विठोजीरावही मनाला सांगत होते. आलं की नीट. कदाचित सुई शेडमध्येच पडली असेल. आता तोंड उघडायचं, हजारो लोकांसमोर, तेही एका कदाचितसाठी?

"आता सांगितलंत तर पुन्हा दारात कोण येईल?" अंबुबाई हळूच म्हणाल्या.

"आणि नाही सांगितलं तर?"

समोर श्रीविद्या हसत, गर्दीला हात करत, पंखावर पाय ठेवून चढत होती. विठोजीरावांनी रघुनंदनांना फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचललं नाही. एक माणूस इंजिन सुरू करायला पुढे होऊन लाकडी पंख्याला हात घालू लागला. विठोजीराव कठड्यावर वाकले तसा पहारेकरी धावला. "अज्जा, हिंदे होगी," म्हणत त्यानं त्यांना मागे सारलं. त्यांचा आवाज फुटेना.

मग अंबुबाईंचा फुटला. नळावरच्या भांडणात कमावलेला तो आवाज. "श्रीविद्याक्का! इळिरी! उतर खाली! पंखात सुई आहे!"

श्रीविद्यानं वळून पाहिलं. पंख्यावरचा हात थांबला.

रघुनंदन धावत आले. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला, आणि मग तापला. "अण्णा, माझी पोर बसलीय त्यात! आज सांगताय?"

"आजच कळलं," विठोजीराव म्हणाले. सुई हातात दिली नाही, तरी भांडण दारात आलंच होतं.

तांत्रिक कारणामुळे उड्डाण थांबवल्याचं भोंग्यातून सांगितलं गेलं. गर्दीतून नाराजीचा सूर उठला. दोघांना कठड्याच्या आत घेतलं. पंखाखालची छोटी खिडकी उघडून रघुनंदनांनी बॅटरी मारली. काही नाही. काठीला लोहचुंबक बांधून फिरवलं. काही नाही. त्यांनी बॅटरी विझवली. नसेलच सुई आत, तर आपण हे काय करून बसलो?

"कड उसवा," श्रीविद्या म्हणाली.

विठोजीरावांनी आपल्या हातचा टाका आपल्याच हातानं कापला. आयुष्यातला सगळ्यात देखणा टाका होता तो. दोन बोटं आत गेली, मग मनगट. लाकडी पट्टीमागच्या बेचक्यात काहीतरी टोचलं.

"आहे," ते म्हणाले.

रघुनंदनांनी आरशातून पाहिलं. तारेची चाकोरी तिथून बोटभर अंतरावर होती. मग त्यांनी सावकाश हात आत घालून सुई काढली, श्रीविद्याच्या तळहातावर ठेवली आणि खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

"आज उडणं नाही. उद्या उडू," श्रीविद्या म्हणाली. "पण हे तोंड कोण शिवणार?"

"दुसरा कुणी बघा," विठोजीराव पुटपुटले.

"दुसऱ्याची सुई हरवली तर तो सांगेल का, आजोबा?" तिनं सुई त्यांच्यापुढे धरली.

सवयीनं विठोजीराव म्हणणार होते, कापडात टोच, मी उचलतो. शब्द ओठांवर आले होते. त्यांनी अंबुबाईंकडे पाहिलं. अंबुबाईंनी फाटका पदर खांद्यावर घेत मान हलवून हो म्हटलं. विठोजीरावांनी हात पुढे केला आणि लहानपणानंतर कधी घेतली नव्हती तशी सुई हातातून हातात घेतली.

टाके पूर्वीइतके देखणे आले नाहीत. पण घट्ट आले. शेवटची गाठ मारून त्यांनी दोरा तोडला. कॉलरकडे जाणारा हात मध्येच थांबवला, सुई श्रीविद्याच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं स्वतः मिटवली.

"घे बाळ, हातात घे," ते म्हणाले. "आणि मिळाली म्हणून मोठ्यानं सांग. आता हीही मोजणीत."

"मिळाली," ती म्हणाली.