व्हीलॉकांच्या घरच्या पितळी मुठी

शहरातली माणसं आमच्या नदीकाठच्या गावात घरं घ्यायला लागली, तेव्हा त्यांच्या एका खुळाचं आम्हाला फार हसू यायचं. नळ, वीज, न्हाणीघर सगळं त्यांना कोरं करकरीत पाहिजे. आणि ते बसवून झालं की दारांच्या मुठी, कड्या, बिजागऱ्या मात्र अशा पाहिजेत की जणू यांच्या खापरपणजोबांनीच बसवल्यात. मी गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात एकतीस वर्षं काउंटरमागे उभा होतो. खोक्यातून पितळी मूठ काढून दाखवली की गिऱ्हाईक नाक मुरडायचं. "फारच नवी दिसते हो ही." अरे बाबा, नवीच आहे ती!

त्या खुळावर पोट भरलं ते व्हर्ना होटालिंगनं. व्हर्ना माझी शेजारीण. तेवीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली, मग शाळाच दुसऱ्या गावच्या शाळेत मिसळली आणि हिच्या बसची फेरी गेली. तेव्हा मीच तिला म्हणालो, की ही नवी मूठ घरी ने, काळी करून आण, माझं गिऱ्हाईक खूश होईल. पहिली मूठ तिनं बिघडवली, दुसरी बिघडवली, तिसरी आणली तेव्हा मला ओळखू आली नाही.

काम तसं साधं. नव्या पितळेवर पारदर्शक लेप असतो, तो नेलपॉलिश काढायच्या द्रवानं आधी पुसून काढायचा. मग एका बादलीच्या तळाशी अमोनिया ओतायचा, वर तारेला मूठ टांगायची आणि झाकण घट्ट लावून ठेवून द्यायचं. मूठ अमोनियात बुडता कामा नये, नुसती वाफ लागली पाहिजे. सकाळी झाकण उघडलं की मूठ तपकिरी, काळपट झालेली, खोबणीत हिरवट. इथवर कुणालाही जमेल. व्हर्नाची करामत पुढं होती. ती गिऱ्हाइकाला विचारायची, हे दार कुठलं? कोठीचं की बैठकीचं? उजवीकडं उघडतं की डावीकडं? आणि मग तारेच्या बारीक घासणीनं मूठ नेमकी तिथंच उजळायची, जिथं माणसाचा अंगठा टेकतो. कोठीच्या मुठीला जास्त, पाहुण्यांच्या खोलीच्या मुठीला कमी. कधी न जन्मलेल्या माणसांचे हात ती त्या पितळेवर फिरवायची. वर मेणाचा हात. मला तिचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

आता तिची आई. इमोजीनबाई. नव्वदीला दोन वर्षं कमी, राहायला गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात, गुडघे गेलेले, पण डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा साफ. तिथल्या नर्सेसना कुणाच्या गोळ्या कुणाला गेल्या हे त्या खुर्चीत बसून सांगत. इमोजीनबाईंनी अडतीस वर्षं टेकडीवरच्या व्हीलॉकांच्या घरी काम केलं. झाडू, धुणं, आणि दर शुक्रवारी पितळ. सोळा दारं, प्रत्येकाला दोन मुठी, किल्लीच्या भोकावरच्या पट्ट्या, पत्रांच्या फटीचं झाकण. व्हर्ना लहानपणी शाळा सुटली की तिथं मागच्या पायरीवर बसून आईची वाट बघायची. त्या मुठींवर मुळात वेलबुट्टी होती, पण अडतीस वर्षांच्या शुक्रवारांत ती घासून घासून सपाट झाली. म्हाताऱ्या मिस व्हीलॉक पाहुण्यांना म्हणत, "आमच्या इमोजीनच्या मुठीत तोंड बघून केस विंचरता येतात." एवढं एकच कौतुक इमोजीनबाईंच्या आयुष्यात कुणी केलं. ते त्यांनी आम्हाला शंभरदा ऐकवलं होतं आणि आम्हीही शंभरदा ऐकलं होतं.

मिस व्हीलॉक गेल्या, घर बरीच वर्षं कुलपात राहिलं, आणि मग ते मॅरिसा लँग नावाच्या बाईनं घेतलं. ती शहरात लोकांची घरं सजवते. मे महिन्यात एक दिवस मॅरिसा व्हर्नाच्या गॅरेजशी गाडी लावून उतरली आणि तिनं एक जड खोकं तिच्या टेबलावर ठेवलं.

"व्हर्ना, तूच वाचव गं मला!" ती म्हणाली. "कुणीतरी अडाण्यानं या घराच्या मूळच्या मुठी काढून ही स्वस्तातली चकाकी बसवलीय. बघ ना, नक्षी नाही, काही नाही. ऑक्टोबरात जुन्या घरांची फेरी आहे, शहरातली सगळी मंडळी घरं आतून बघायला येणार. यांना जरा वय आण."

व्हर्नानं एक मूठ हातात घेतली. तिनं ओळखली. कशी नाही ओळखणार? हे तिनं मला त्याच संध्याकाळी सांगितलं.

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तोंडाशी आलं होतं रे. पण ती म्हणाली, हे काम जमलं तर फेरीतल्या बाकीच्या सहा घरांचंही मलाच देईल. आणि म्हणाली, हे आपलं दोघींतलं गुपित."

"आईला काय सांगशील?"

"आईला कोण सांगतंय? ती थोडीच तिथं जाणारे? आणि पितळच आहे, पुन्हा घासलं की पुन्हा चमकेल."

त्या मुठींना लेपसुद्धा नव्हता पुसायला. खरं जुनं पितळ, एका रात्रीत काळं पडलं. अंगठ्याची जागा उजळायला तिनं घासणी हातात घेतली आणि खाली ठेवली. म्हणाली, या मुठींवर कुणाचा हात फिरला ते मला माहीत आहे, दुसऱ्याचा कुठून आणू? तशाच काळ्या दिल्या. मॅरिसाला त्या तशाच जास्त आवडल्या.

सप्टेंबरात गावच्या वर्तमानपत्रात फेरीची बातमी आली आणि वृद्धाश्रमात इमोजीनबाईंनी ती वाचली. झालं. व्हर्नानं काय काय सांगून बघितलं. पायऱ्या आहेत, गर्दी आहे, थंडी वाजेल.

"मी तिथं जन्म काढला, मला काय थंडी सांगतेस?" म्हातारी म्हणाली. "मला काही नको. मला फक्त माझं पितळ एकदा बघायचंय. मरायच्या आधी दाखव, नंतर बघायला मी काय परत येणारे?"

फेरीपर्यंत तीन आठवडे हातात होते. व्हर्ना आईजवळ बसून खरं सांगू शकली असती. मी तिला रोज टोकत होतो. ती रोज म्हणायची, उद्या सांगते. मीही काही कमी नाही, मीही त्या म्हातारीला महिन्यातून दोनदा भेटायचो आणि हवापाण्याचं बोलून परत यायचो.

फेरीच्या शनिवारी गाडी मी चालवली. इमोजीनबाईंनी निळा कोट घातला होता आणि ओठांना रंग लावला होता. दारात एका पोरीनं आमच्या बुटांवर कागदी पिशव्या चढवल्या. "फरशी खराब होईल म्हणून," ती म्हणाली. "ती फरशी मी गुडघ्यांवर बसून पुसलीय, पोरी," इमोजीनबाई म्हणाल्या, आणि व्हर्नाचा हात धरून आत गेल्या.

बैठकीत पंचवीस-तीस माणसं असतील. त्यांतली निम्मी व्हर्नाची गिऱ्हाइकं, हातात सफरचंदाचा गरम रस आणि डोनट. मॅरिसा दाराला हात लावून सांगत होती, "आणि ह्या मूळच्या मुठी. एकशे चाळीस वर्षांत यांना कुणी हातसुद्धा लावलेला नाही. म्हणून तर हा रंग आलाय. असा रंग करून येत नाही."

इमोजीनबाई पुढं झाल्या. मुठीकडं बघितलं. चेहरा असा झाला, की जणू कुणी त्यांचं घाणेरडं धुणं चार माणसांत वाळत घातलंय.

"ही कुणी अशी केली?" त्या म्हणाल्या. "अहो, मी घासायची ना ह्या. दर शुक्रवारी. ह्यात तोंड दिसायचं!"

माणसं हसली. वाईट हसली नाहीत, नातवंडांकडं बघून हसतात तशी हसली, आणि तेच मला जास्त लागलं. मॅरिसा गोड आवाजात म्हणाली, "आजी, ह्या कधीच घासलेल्या नाहीत. तुमच्या डोळ्यांसमोर दुसरं एखादं घर असेल."

"दुसरं कसं असेल? अडतीस वर्षं!" इमोजीनबाई वळल्या. "व्हर्ना, तू पायरीवर बसायचीस. सांग ना यांना."

सगळी व्हर्नाकडं बघायला लागली. मॅरिसाही बघत होती, आणि तिची नजर काय सांगत होती ते व्हर्नाला कळत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललं असतं तर मॅरिसा खोटी पडली असती, आणि त्या खोलीतल्या निम्म्या माणसांच्या घरच्या मुठी व्हर्नानं काळ्या केल्यात हेही उघडं पडलं असतं.

"तिला आता नीट आठवत नाही," व्हर्ना म्हणाली. "माफ करा हं."

मी तिथंच उभा होतो. मलाही तोंड होतं. मी डोनट खाल्लं.

परतताना इमोजीनबाई मागच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. पूल ओलांडल्यावर म्हणाल्या, "व्हर्ना, मग मी शुक्रवारी कुणाच्या घरी जात होते गं?"

व्हर्ना रडायला लागली.

पुढं तिला झोप लागेना. मी म्हटलं, रडून काय होणार, जा आणि सांग. चौथ्या दिवशी ती एकटीच वृद्धाश्रमात गेली. परत आली ती सरळ माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली, कोटही काढला नाही.

"सांगितलं?"

"सगळं सांगितलं. खोकं, बादली, अमोनिया, सगळं. म्हटलं, आई, त्या तुझ्याच मुठी होत्या, मीच काळ्या केल्या, आणि मीच खोटं बोलले. तुला सगळं नीट आठवतंय."

"मग? चिडली?"

"चिडली असती तर बरं झालं असतं रे. तिनं माझा हात थोपटला. म्हणाली, 'असेल हं, बाई. तू म्हणशील तसं. मला काही आता नीट आठवत नाही.'"