पाव्हण्याकडं चालंल का?

परतूरला आमचं फोटो आणि व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. लग्नाची ऑर्डर द्यायला आलेली माणसं कॅमेरा कोणता, चित्र किती स्वच्छ येईल, असलं काही विचारत नसत. त्यांचा एकच प्रश्न असायचा, "पाव्हण्याकडं चालंल का?" लग्नाची सीडी एका घरात राहत नसे. ती मुलीच्या माहेरून मामाकडे जायची, मामाकडून मावशीकडे, तिथून कोणाच्या तरी नणंदेकडे. डीव्हीडीवर चित्र चांगलं यायचं आणि अख्खं लग्न एकाच तबकडीत मावायचं. पण खेड्यांत सगळ्यांकडे स्वस्तातले सीडी प्लेअर होते. म्हणून पप्पा एका लग्नाच्या दोन-तीन सीड्या करून द्यायचे. चित्रात चौकोन दिसायचे, तरी कोणी तक्रार करत नसे.

माझ्या इंग्रजी शाळेत शिकवलं होतं की जे सरस असतं तेच टिकतं. मी ते घरी सांगितलं तेव्हा पप्पा हसले.

"कोण म्हणलं? मी जालन्याला काम शिकत होतो तव्हा दोन तऱ्हेच्या कॅसेटी होत्या. लहानीचं चित्र एकदम साफ. मोठीत पिक्चर पुरा मावायचा, अन् मशीनबी स्वस्त. मंग भाड्यानं कॅसेटी देणाऱ्या लायब्ररीवाल्यानं मोठ्याच भरल्या. ज्यानं शौकानं लहानीची मशीन आणली, तो पिशवी घेऊन यायचा अन् रिकामी घेऊन जायचा. चांगलं-वाईट काय न्हाई बेटा. शेजाऱ्याकडं काय हाये ते बघायचं."

हे इतकं कळत असूनही घरचं शूटिंग त्यांनी कधीच सीडीवर घेतलं नाही. माझ्या मोठ्या भावाचे वाढदिवस, त्याचं शाळेतलं नाटक, सगळं कॅमेऱ्यातल्या छोट्या टेपवर होतं. तिच्यावरचं चित्र सगळ्यांत चांगलं, कॅमेरा घरचाच, आणि ते कोणा पाहुण्याला पाठवायचं नव्हतं.

मी पहिलीत असताना भाऊ तापाने गेला. टेप पप्पांनी कपाटावर ठेवून दिल्या. पुन्हा काढायचा धीर व्हायला वर्षं गेली. तोवर कॅमेरा बिघडला होता आणि तो दुरुस्त करणारं कोणी राहिलं नव्हतं. जालन्यातल्या एकाने कुठून तरी मशीन मिळवून टेप लावून पाहिल्या. निळ्या पडद्याशिवाय काही आलं नाही. बुरशी लागली, म्हणाला.

भावाचा चेहरा मला फोटोंमुळे माहीत आहे. आवाज आठवत नाही. एकदा भांडी घासताना आई म्हणाली की तिलाही तो आठवेनासा झालाय. त्यानंतर तिने शोध सुरू केला. पप्पा लग्नांना भावाला बरोबर न्यायचे आणि तो हमखास कॅमेऱ्यासमोर यायचा. दुकानात मूळ टेप पुसून पुढच्या लग्नाला वापरायचे, पण कुठल्या ना कुठल्या सीडीत तो असणारच होता. आई ओळखीच्यांच्या घरी जाऊन त्यांच्या लग्नाची सीडी मागायची. मी सोबत असायचे, मान खाली घालून. कोणी नाही म्हणत नसे. चहा यायचा, आणि सीडी तेवढी सापडायची नाही. त्यांना काय वाटत होतं ते मला दिसत होतं. आईला दिसत नसावं, किंवा तिला पर्वा नव्हती.

सगळ्यांत खात्रीची सीडी आत्याच्या लग्नाची होती. वरातीत तो बँडच्या पुढे नाचला होता आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून काहीतरी ओरडला होता. तो असताना आईने ते कितीदा तरी पाहिलं होतं, पण तेव्हा लक्ष देऊन कोण ऐकतं? आमच्याकडची प्रत फिरायला गेली ती परत आलीच नाही.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही दोघी रेल्वेने बदनापूरला आत्याकडे गेलो. पप्पा आले नाहीत.

"काय इंग्लिश मीडियम, तोंडात गुळणी धरली का?" आत्या मला म्हणाली. मग आईला, "सीडी आता कोण लावतं वहिनी? सगळं पेनड्राइव्हवर करून घेतलंय. टीव्हीत खोचलं की बस."

आई टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली. हळद झाली. वरात निघाली. बँड दिसला तसा आईने हात वर केला, गप्प राहा म्हणून, खरं तर कोणीच बोलत नव्हतं. गाणं मध्येच तुटलं आणि नवरदेव एकदम मांडवात उभे होते.

"मागं घे," आई म्हणाली.

मी मागे घेतलं. पुन्हा तेच.

आत्या फराळाच्या ताटल्या गोळा करायला लागली. "तेवढं कापलंय, वहिनी. आमच्या सासूबाई म्हणल्या, गेलेलं लेकरू मंगल कार्यात कशाला. घरात लेकरंबाळं हायेत, दीर-जावा बघतात..."

"सीडी कुठंय?"

"गच्चीवर. पारवे लई घाण करून राह्यले, म्हणून दोरीला टांगल्या सगळ्या."

आम्ही वर गेलो. उन्हाने सीड्यांची चांदी उडाली होती, काहींतून तर आरपार दिसत होतं. कोणती कोणाच्या लग्नाची, ओळखू येत नव्हतं. आईने एक हातात धरली आणि सोडून दिली.

जिन्यात तिने विचारलं, "कापलं कोणी?"

"दादानंच तर करून दिलं," आत्या म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असंल."

आम्ही परतीची गाडी धरली. इतकी वर्षं मी समजत होते की यंत्रं बदलत गेली म्हणून तो हरवला. पण सीडीवरून पेनड्राइव्हवर जाताना पप्पांनी बसून ते लग्न पाहिलं होतं, आणि पुढे काय न्यायचं ते ठरवलं होतं.

घरी पप्पा जेवायचे थांबले होते. आईने चपलाही काढल्या नाहीत.

"वरातीतलं तुम्ही कापलं?"

"तिच्या सासरचा मामला होता. न्हाई कसं म्हणणार?"

"मंग कापलेलं कुठंय?"

"न्हाई ठेवलं."

"का?"

"तू रोज लावलं असतं."

आई खाली बसली. मग ती अगदी हळू आवाजात, जवळजवळ विनवणी केल्यासारखी म्हणाली, "बरं. तो वरडून काय म्हणत होता, तेवढं तरी सांगा."

"आवाज बंद करून कापलं मी," पप्पा म्हणाले.