हुसेनचाचांच्या सुट्टीचे पंचवीस बार

कुणी सौदीचा विषय काढला की आमची सौ. मुकाट्याने चहाचं आधण ठेवायला उठते. तिला माहीत असतं, आता हा माणूस ताइफच्या दुकानात शिरणार आणि तासाभराने बाहेर येणार! माझाही इलाज नाही. एक किस्सा सांगायला घ्यावा, तर त्याच्या मागे दुसरा उभाच असतो, आणि दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून तिसरा. सगळ्यांत हुसेनचाचा मात्र असतातच.

ताइफ हे सौदीतलं डोंगरावरचं शहर. हवा थंड, आजूबाजूला गुलाबाच्या बागा. तिथे अबू नासरचं शिकारीच्या सामानाचं दुकान होतं. तंबू, थर्मास, दुर्बिणी आणि छर्ऱ्याच्या बंदुकीची काडतुसं. अबू नासर आमचा कफील. म्हणजे आमचा व्हिसा त्याच्या नावावर आणि आमचे पासपोर्ट त्याच्या कपाटात. मी महाडचा, टायपिंग आणि विक्री बघायला गेलेलो. हुसेनचाचा दाभोळचे, वीस वर्षं तिथलं स्टोअर सांभाळणारे. आम्ही एकाच खोलीत राहायचो. मला घरची आठवण आली की चाचा माझा चेहरा बघून आमसुलं घालून माशाचं कालवण करत. अशा माणसाबद्दल मी कमी कसं बोलू?

इराकने कुवेत घेतलं आणि इकडे काडतुसं यायची बंद झाली. गिऱ्हाइकांचं राहू द्या, खुद्द अबू नासरचीच पंचाईत झाली. त्याची डोंगरावर गुलाबाची बाग होती आणि ताइफच्या डोंगरात कुत्र्याच्या तोंडाची दांडगी माकडं. रोज हवेत दोन बार काढल्याशिवाय ती बागेतून हलत नसत.

मग त्याला आठवलं की वापरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायचं एक इटालियन यंत्र गोदामात पडून आहे. बारूद, ती पेटवणाऱ्या टोप्या, छर्रे, सगळं होतं. परवाना होता. फक्त कुणी खोकं उघडलेलं नव्हतं.

"हे कुणाला येतं?" त्याने विचारलं.

"मला!" हुसेनचाचा म्हणाले.

बाहेर आल्यावर मी हळूच विचारलं, "चाचा, हे यंत्र तुम्ही कधी चालवलंत?"

"आजच बघतोय," चाचा म्हणाले. "पण माझ्या बापाशी ठासणीची बंदूक होती. डुकरांपासून भात राखायला. तिच्यात बार मीच ठासायचो. बार तो बारच रे, हितं फकस्त दांडा इटलीचा हाय!"

•

यंत्राबरोबर माहितीपुस्तक होतं, पण तेही इटालियनमध्ये. नशिबाने चित्रं होती, आणि काही चित्रांवर मोठी लाल फुली. चाचांनी चष्मा पुसून दोन दिवस त्या पुस्तकाचा अभ्यास केला आणि निकाल दिला, "फुली हाय ते करायचं नाय. बाकीचं सगळं करायचं."

पहिलीच फुली सिगारेटवर होती. चाचांनी मागच्या बिनखिडकीच्या खोलीत यंत्र बसवलं आणि दाराबाहेर चपलांच्या जागी बिडीकाडी ठेवायची, असा कडक नियम केला. म्हणजे चपला आत न्या हवं तर, पण काडेपेटी बाहेर!

तासाभरात अबू नासर काम कसं चाललंय ते बघायला आला. तोंडात पेटलेली सिगारेट. चाचा उठले, मालकाचा दंड धरला आणि त्याला खोलीतूनच नव्हे, दुकानातूनही बाहेर काढून पायरीवर बसवलं. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं विचारू लागली, "अरे अबू नासर, आपलंच दुकान सोडून बाहेर का बसलास?"

अबू नासर धूर सोडत शांतपणे म्हणाला, "हुसेनने हाकललं."

•

दुसरी फुली होती ओसंडून वाहणाऱ्या मापावर. म्हणजे बारूद अंदाजाने घालायची नाही, वजन करूनच घालायची. चाचांच्या बोटांना बापाच्या चिमटीची सवय. पण फुली म्हणजे फुली! यंत्राबरोबर आलेला काटा गंजून गेलेला होता, म्हणून मला बाजारात एका हैदराबादी सोनाराकडे पिटाळलं.

"काटा चाहिए? क्या तौलना है?" सोनाराने हसून विचारलं.

मी नवखा. सरळ सांगितलं, "बारूद."

दिवस युद्धाचे. सोनाराने एकदा रस्त्याच्या डाव्या बाजूला बघितलं, एकदा उजव्या बाजूला, आणि खर्रकन शटर ओढलं. आतून आवाज आला, "भाई, मेरे छोटे छोटे बच्चे हैं!"

दुसऱ्या दिवशी चाचा स्वतः गेले आणि दहा मिनिटांत नवाकोरा काटा घेऊन आले. मी थक्क! "काय सांगितलंत?"

"केशर."

पुढे तो सोनार रस्त्यात भेटला की आवर्जून विचारायचा, "चाचा, केसर कैसा है?"

"बहोत तेज!" चाचा म्हणायचे.

•

त्या दिवसांत ताइफमध्ये हवाई हल्ल्याच्या भोंग्याची तालीम असायची. भोंगा वाजला की बिनखिडकीच्या खोलीत जायचं आणि दाराच्या फटींना चिकटपट्टी लावायची, असा हुकूम होता. आता आमच्या अख्ख्या इमारतीत बिनखिडकीची खोली एकच. आमची!

भोंगा झाला आणि वरचे तिन्ही मजले खाली उतरले. बायका, मुलं, एक आजी खुर्चीसकट. अबू नासरच्या मल्याळी ड्रायव्हरने, कुट्टीने, तर चहासाठी पेटता स्टोव्ह आणला होता. सगळे दाटीवाटीने बसले, पट्टी लागली, आणि कुणीतरी चाचांना विचारलं, "इन डब्बों में क्या है?"

चाचांनी आधी हात लांबवून स्टोव्ह विझवला. मग नम्रपणे सांगितलं काय आहे ते.

तालमीवर देखरेख करणारा शिपाई नंतर अबू नासरला म्हणाला, की भोंगा चालू असताना सगळी इमारत आतून बाहेर पळाली, असं त्याने शहरात एवढं एकच ठिकाण बघितलं. खुर्चीवरची आजी सगळ्यांत पुढे होती.

•

मग दाभोळहून कॅसेट आली. तेव्हा पत्रापेक्षा कॅसेटच चालायच्या. चाचांची धाकटी जुबेदा, तिचा निकाह डिसेंबरात ठरला होता. कॅसेटभर घरातले सगळे एकदम बोलत होते, कोंबडा आरवत होता, आणि शेवटी जुबेदाचा आवाज आला, "अब्बा, थोरल्या दोघींच्या लग्नाला तुम्ही नव्हता. माझ्या तरी या."

चाचांनी ती कॅसेट माझ्यासमोर चार वेळा लावली. चौथ्या वेळी मी बाहेर जाऊन बसलो. मला ऐकवेना.

अबू नासरने सुट्टीचा अर्ज वाचला आणि डोकं खाजवलं. "तू गेलास तर काडतुसं कोण भरणार? माझी बाग खलास!" बराच वेळ विचार करून त्याने निकाल दिला, की चाचांनी बदली माणूस तयार करावा. त्या माणसाने पंचवीस काडतुसं भरावीत. पंचवीसच्या पंचवीस उडाली तर पासपोर्टवर सुट्टीचा शिक्का. एक जरी फुसकं निघालं, तर हुसेनने पुढच्या वर्षी जावं.

"पण निकाह पुढच्या वर्षी नाही!" मी म्हणालो.

"मग नीट भर," अबू नासर म्हणाला.

तेव्हा मला कळलं की बदली माणूस मी आहे. मी! दिवाळीत सुरसुरी पेटवायलासुद्धा मी धाकट्या बहिणीला पुढे करायचो.

•

चाचा मास्तर म्हणून कडक. पहिले पंधरा दिवस मला खऱ्या बारुदेला हात लावू दिला नाही. बारुदेच्या जागी रवा, छर्ऱ्यांच्या जागी मसूर, टोपी नाहीच. रवा मोजायचा, ओतायचा, मधलं बूच बसवायचं, मसूर घालायची, दांडा दाबून तोंड मिटवायचं. एक झालं की दुसरं. बोललो की चूक. शिट्टी वाजवली की चूक. "हात करतो तेच डोक्यात पायजे," चाचा म्हणायचे. "रवा दोनदा ओतलास बघ. आता हीच बारूद असती तर?"

पुंगळी रिकामी करून पुन्हा पहिल्यापासून.

अशी शंभरेक मसूरवाली काडतुसं झाली, आणि एके सकाळी कुट्टीने तेच खोकं अबू नासरच्या पिकअपमध्ये नेऊन ठेवलं! चूक माझी. खोक्यावर मी चिठ्ठी लावली नव्हती.

बागेत माकडं उतरलेली. अबू नासरने रुबाबात दुनळी बंदूक उचलली. टक्. दुसरी नळी. टक्. माकडं फांदीवर बसून बघताहेत. त्याने काडतूस काढून हलवलं, नखाने उघडलं, तर तळहातावर मसूर! भडकून त्याने सगळं खोकं माकडांच्या दिशेने भिरकावलं. माकडांनी एकेक काडतूस सोललं, मसूर खाल्ली, रवा चाटला.

दुसऱ्या दिवशी ती दुप्पट संख्येने आली आणि ओळीत बसून पिकअपची वाट बघू लागली.

"मी बंदोबस्त मागवला होता," अबू नासर दुकानात येऊन ओरडला, "तुम्ही जेवण पाठवलंत!"

रात्री चाचा मला एवढंच म्हणाले, "वसंता, चिठ्ठी लावायची राह्यली, तसंच टोपी बसवायची राहील. माझी पोर तिकडं वाट बघते रे." सगळ्या शिकवणीत ते माझ्यावर रागावले नाहीत, आणि म्हणूनच ते वाक्य मला फार लागलं. त्यानंतर मी चिठ्ठी लावल्याशिवाय बरणीत साखरही ठेवलेली नाही.

•

परीक्षेची पंचवीस काडतुसं मी दोन दिवसांत भरली. एकेक टोपी तीनदा बघितली, एकेक वजन दोनदा केलं. नमाजाची वेळ सोडली तर चाचा माझ्या शेजारून हलले नाहीत, पण हातही लावला नाही. अट तशी होती.

शुक्रवारी दुपारी आम्ही तिघं बागेच्या वरच्या उघड्या उतारावर गेलो. समोर नुसता खडक. अबू नासरने पहिलं काडतूस बंदुकीत घातलं आणि बंदूक माझ्यापुढे धरली.

"तू भरलंस, तू उडव."

बंदूक मी हातात घेतली खरी, पण दस्ता कुठल्या खांद्याला लावायचा तेच आठवेना. तेवढ्यात चाचांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "सुट्टी माझी हाय. बार मी काढणार."

"चाचा, नको! माझा काय भरवसा?" मी ओरडलोच.

"मी शिकवलंय," चाचा म्हणाले आणि बंदूक खांद्याला लावली.

आता अबू नासर मध्ये पडला. त्याने नळी आकाशाकडे वळवली आणि बंदूक चाचांकडून हिसकावून घेतली. "वेडा आहेस का? तोंड भाजून लग्नाला गेलास तर तुझे व्याही काय म्हणतील? सौदीने माणूस असा परत पाठवला? यल्ला, चला, दोघं गाडीमागे व्हा!"

आम्ही पिकअपमागे वाकून बसलो. मी बाजूने डोकावून बघितलं. अबू नासरने बंदूक खडकाकडे रोखली, तोंडाने काहीतरी पुटपुटला, आणि दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले.

ठो!

डोळे उघडले. आधी स्वतःचे हात बघितले, मग बंदूक. दुसरं काडतूस घातलं. डोळे मिटले. ठो!

मी मोठ्याने मोजत होतो. चाचा मोजत नव्हते, त्यांनी माझं मनगट धरलं होतं, आणि प्रत्येक आवाजाला पकड घट्ट होत होती. दहा. पंधरा. विसाव्याला अबू नासरने थांबून खांदा चोळला आणि पुन्हा डोळे मिटले. चोवीस. पंचविसावं घालायला त्याने फार वेळ लावला. काडतूस उलटसुलट करून बघितलं, कानाशी नेऊन हलवलं. मग घातलं.

ठो!

मी उडी मारली. चाचा तिथेच जमिनीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं हसताहेत. हसत नव्हते.

अबू नासरने बंदूक उघडून शेवटची पुंगळी काढली. मग खाली आला, अंगरख्याच्या खिशात हात घातला, आणि चाचांचा पासपोर्ट काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. चाचांनी पान उघडलं. सुट्टीचा शिक्का होता, सही होती. मी खांद्यावरून वाकून तारीख वाचली आणि पुन्हा एकदा वाचली.

"अबू नासर," मी म्हणालो, "हा शिक्का तर आठ दिवसांपूर्वीचा आहे!"

अबू नासर खांदा चोळत दुसरीकडे बघू लागला.

"मला वाटलं," तो म्हणाला, "एखादं तरी फुसकं निघेल. म्हणून शिक्का आधीच मारून घेतला."