पंचनाम्याच्या दिवशी झाडलेली बाग

गारा पडून गेल्याच्या दुसऱ्या सकाळी मी पंचवटीतून पहिल्या एसटीने दादाच्या मळ्यावर पोहोचले. द्राक्षबागेत शिरण्याआधीच वास भेटला: आंबट, गोड, आतून जरासा कुजका. काढणीला आलेले घड तुटून मातीत पडले होते. मणी उकलले होते. त्यांतून काहीतरी दाट झिरपत होते आणि त्यावर चिलटांची एकसुरी गुणगुण चालली होती. मला वाईट वाटायला हवे होते. फक्त ती गुणगुण ऐकू येत होती.

दादा तलाठ्यांना आणायला गेला होता. सरकारी मदत मिळणार की नाही, ते त्यांच्या पंचनाम्यावर ठरणार होते. वहिनी ओसरीवर नुसती बसून होती. मीच म्हणाले, "साहेब येणार, आणि बाग अशी?"

तिने पदर खोचला. पाहुणा येणार म्हटले की आमच्या घरात आधी झाडू हातात येतो. शिवाय फुटका घड वेलीवर राहिला तर कूज शेजारच्यालाही धरते, हे तिला ठाऊक. दुपारपर्यंत आम्ही फुटके घड कात्रीने उतरवले, पडलेले वेचले, क्रेट भरभरून बांधाजवळच्या खड्ड्यात रिकामे केले. शेवटी तिने ओळींमधून खराटा फिरवला. ओल्या मातीवर काड्यांच्या बारीक रेघा उमटल्या.

तीनच्या सुमारास दादाच्या मोटरसायकलवरून तलाठी उतरले. वयाने कोवळे, हातात मोबाइल. बागेकडे पाहून म्हणाले, "दादा, नुकसान कुठंय?"

वहिनीच पुढे झाली. "भाऊसाहेब, तुम्ही येणार म्हणून झाडून घेतलं."

"मी काय मुलगी बघायला आलो का, वहिनी?" ते हसले, मग हसू आवरले. "फोटोत माल दिसला पाहिजे हो. मोकळ्या वेलीचा फोटो वर पाठवला तर म्हणतील, माल काढून विकला यांनी."

"पानं तर बघा, चाळण झालीय नुसती."

"पानांवर मदत नाही मिळत." त्यांनी घड्याळ पाहिले. "शेजारच्या मळ्यावर जाऊन येतो. अर्धा तास लागेल." आणि मागे न पाहता ते बांधावरून चालू लागले.

वहिनी खड्ड्यात उतरली. ढिगाऱ्यात हात घातला तर घड आतून कोमट झाले होते. भरलेले क्रेट पुन्हा ओळींत आले. मी एक उपडा केला, तसा दादा म्हणाला, "असं नाय गं. ढीग नाय पडत. गार वरून येती, घड वेलीच्या बुडाशी पडतो."

तो उकिडवा बसून एकेक घड ठेवू लागला. कुठे थोडा वाकडा, कुठे मातीत दाबून. काही त्याने मांडवाच्या तारेत अडकवले. आपलेच झालेले नुकसान तो आठवून मांडत होता, आणि चुकत नव्हता. माझी बोटे रसाने चिकटली होती. ती सोडवताना कातडी ओढली जाई, तेवढेच जाणवे.

तलाठी परतले. दादाने सदऱ्याचे वरचे बटण लावले.

"थोडं डावीकडं. हां," मोबाइल धरून तलाठी म्हणाले.

फोटो निघाला, सह्या झाल्या. तलाठ्यांनी बुटाला चिकटलेला मणी गवतावर पुसला. वहिनीने चहाचे विचारले, तर म्हणाले, "राहू द्या, अजून बरेच मळे बाकी आहेत."

काही आठवड्यांनी दादाचा फोन आला. "यादीत नाव आलंय."

"बरं झालं."

पलीकडे पंपाचा आवाज येत राहिला. मग त्याने विचारले, "आपलं नुकसान झालं होतं ना गं?"

"झालं होतं, दादा."

"तू पाह्यलं होतंस."

"पाहिलं होतं."

"झाडायच्या आधी?"

"झाडायच्या आधी."

"मग ठीक," तो म्हणाला, आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.