प्रियदर्शनीचं जेलीचं यकृत

औशाच्या साहेबराव कंडक्टरची लेक प्रियदर्शनी आमच्या लातूरच्या कारखान्यात माणसाचं मांस बनवते. दचकू नका! जिलेटीन आन् इसबगोल गरम पाण्यात घोटायचं, साच्यात ओतून थंड करायचं, वर चरबीचा आन् कातडीचा थर द्यायचा, की झालं यकृत तयार. दवाखान्यात जाणारी सुई आधी त्यात टोचून बघतात. मी भागवत, सुयांना धार लावणारा. पहिल्यांदा डोळे मिटून तिच्या यकृतात सुई घातली तेव्हा अंगावर काटा आला. आधी कातडी अडवते, मग चरबी वाट देते, मग आतलं मऊ मांस लागतं. कसं जमत असंल हे? धन्य हाय पोरगी!

मागल्या महिन्यात माझी नवी सुई तपासायची होती. यकृताचा बारीक तुकडा काढायची सुई. पाडव्यापासून घासून घासून माझी बोटं झिजली होती. घातली तर सर्रकन आत! मी पेढे आणायला निघालो, तर प्रियदर्शनी बोटं चोळत उभी.

"साच्याला तेल कुणी लावलं?"

"म्याच की," भांडी धुणाऱ्या चतुराबाई म्हणाल्या. "वडी थापताना ताटाला लावतो तसं. चिकटू नये म्हणून."

"चूक माझी, मावशी. मी सांगायला पाहिजे होतं." मग माझ्याकडं वळली. "सुई तेलावर सरकली, भागवतराव. हे पास धरायचं न्हाई."

माझं डोकंच फिरलं. "येवढ्याशा तेलानं काय होतंय? लई शहाणी लागून गेलीस!"

ती भांडली न्हाई. कोरड्या साच्यात नवं यकृत ओतलं, ते थंड झाल्यावर सुई माझ्याच हातात दिली. "हातच्या काकणाला आरसा कशाला? तुम्हीच घाला."

घातली. मधेच अडली. ओढली तशी जेली टराटरा फाटत आली. हे कुणाच्या तरी जित्त्या पोटात झालं असतं!

गुमान परत धार लावायला बसलो. ती रोज नवं यकृत ओतायची, मी रोज फाडायचो. कंटाळा म्हणून न्हाई तिला. काल मात्र सुई अलगद गेली, तुकडा घेऊन अलगद बाहेर आली. मागं बारीक भोक तेवढं राहिलं. मी तोंड उघडं टाकून बघतच राहिलो.

चतुराबाई ओले हात पदराला पुसत आल्या. त्यांच्या नवऱ्याच्या पोटात मागं अशीच सुई घातली होती, तवा त्याचं वरडणं दाराबाहेर बाईंना ऐकू आलं होतं. त्यांनी त्या भोकावर हळूच बोट ठेवलं.

"दुखलं का रं लेकरा?"

आम्ही कुणीच हसलो न्हाई.